दांडीचे पुस्तक

१

दांडी म्हटले की १९३० साल आठवते, साबरमतीहून निघालेली ती यात्रा आठवते आणि मूठभर मीठ आठवते. ती दांडी गुजरातेत, नवसारीच्या बाजूची. आपल्याकडेही एक दांडी आहे, पण ती परीक्षेत विचारत नाहीत. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या रोखाने निघाले, की आधी तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तिची धुराडी आणि तिचा वास मागे टाकला, की उच्छेळी, दांडी, नवापूर, आलेवाडी अशी मच्छीमारांची गावे किनारा धरून बसलेली दिसतात. उत्तरेला अणुवीज केंद्र, दक्षिणेला मुरबे आणि सातपाटी, मध्ये खाडी आणि खाडीत नांगरलेल्या होड्या.

अशा गावांत अलीकडे एका नव्या प्रकारच्या पाहुण्याचे येणे-जाणे सुरू झाले आहे. वय बावीस ते पंचवीस. कायद्याची, समाजशास्त्राची नाहीतर पत्रकारितेची पदवी ताजी. खांद्याला पिशवी, हातात वही किंवा वहीच्या जागी फोन. कुठल्या तरी संस्थेने त्याला किंवा तिला वर्षभराची अभ्यासवृत्ती दिलेली असते; हल्ली तिला सगळे फेलोशिपच म्हणतात. काम दुहेरी असते. माणसांच्या हक्कांचे कुठे काय बिघडले आहे ते शोधायचे, आणि जे सापडेल त्याची बाजू सरकारदरबारी, न्यायालयात, वर्तमानपत्रांत मांडायची. न्यूयॉर्कची ह्यूमन राइट्स वॉच ही संस्था नुकत्याच पदवीधर झालेल्यांना अशी वर्षभराची वृत्ती देत आली आहे. आपल्याकडेही विद्यापीठे, न्यास आणि स्वयंसेवी संस्था लहानमोठ्या वृत्त्या देतात. वर्ष संपते, पाहुणा जातो आणि मागे एक अहवाल राहतो.

या अहवालाची समीक्षा आपण कधी करीत नाही. कवितेचे, कादंबरीचे, नाटकाचे परीक्षण करणारे पानोपानी भेटतात. प्रवासवर्णनाला आणि पाकशास्त्राच्या पुस्तकालाही परीक्षक मिळतो. अहवालाला मात्र वाङ्मय म्हणायला आपली जीभ रेटत नाही. खरे पाहता जिवंत माणसांच्या सुखदुःखाविषयी लिहिलेला हा एक गद्यप्रकार आहे. त्याला निवेदक असतो, त्यात माणसे असतात, त्यांच्यातला झगडा असतो. आणि तो चांगला उतरला की वाईट, यावर कुणाचे तरी घर आणि कुणाची तरी होडी अवलंबून असते. मग तो चांगला कशाने होतो आणि वाईट कशाने, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. तो मी येथे विचारणार आहे, आणि उत्तरासाठी याच मुलखातून उगवलेल्या एका मराठी पुस्तकाकडे जाणार आहे: गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'.

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात यंदा एखाद्या मुलीने पदवी घेतली आहे आणि नोकरीऐवजी अशा वृत्तीचा अर्ज भरला आहे, त्या घरात फराळाच्या ताटाभोवती हा विषय निघाल्यावाचून राहिलेला नाही. आई विचारते, तिकडे राहशील कुठे? वडील विचारतात, वर्षानंतर काय? आणि आत्या विचारते, पगार किती? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही, तो असा की तू जे लिहिशील ते वाचणार कोण?

२

शिकलेल्या तरुणाला निर्वाहापुरते वेतन देऊन लोकांच्या कामाला लावायचे, ही कल्पना परक्या देशातून आली असे समजण्याचे कारण नाही. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांच्या मनात हेच होते. समाजात येणाऱ्याने सात प्रतिज्ञा घ्यायच्या. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही, समाज देईल तेवढ्यात आपला आणि कुटुंबाचा संसार भागवायचा, कुणाशी वैयक्तिक भांडणात पडायचे नाही. यांपैकी शेवटची प्रतिज्ञा मराठी माणसाला सर्वांत जड गेली असेल! या प्रतिज्ञांच्या मागोमाग पाच वर्षांची उमेदवारी होती. पाच वर्षे शिकायचे, फिरायचे, पाहायचे. बोलण्याचा अधिकार त्यानंतर.

१९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांनाही हीच शिस्त लावली. वर्षभर देश हिंडा, ऐका, जाहीर बोलू नका. वीस वर्षे चळवळ करून आलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नव्हते, आणि ते ऐकणे त्याहून अवघड. गांधीजी समाजाचे सदस्य पुढे झाले नाहीत, पण त्या वर्षाचे मौन त्यांनी पाळले. समाजातून जी माणसे निघाली तीही याच मुशीतली. मुंबईच्या कामगारांत काम करणारे ना. म. जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत होते. मुंबई नगरपालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून १९१४ साली समाजात आलेले ठक्करबाप्पा पुढे भिल्लांत जाऊन राहिले.

मात्र जुने ते सगळे सोने, असे म्हणून भागणार नाही. या समाजात बाईला जागा मिळायला काही दशके जावी लागली. ती जागा मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे गोदावरी गोखले. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या, नावाजलेल्या वकिलाच्या कन्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या, आणि महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, आणि वडिलांना ते रुचले नाही. मुलगी वकील होऊन घराण्याचे नाव पुढे चालवील, हे स्वप्न त्या घरातही होतेच. त्या मुंबईस आल्या, समाजाच्या सदस्य झाल्या, प्रौढांना अक्षरे शिकवण्याची मोहीम त्यांनी काढली, १९३८ साली घरकाम करणाऱ्या बायांची संघटना बांधली. समाजातच असलेल्या शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला, १९३९ साली दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि समाजाची चौकट मागे राहिली.

या चरित्रातला राजकीय भाग ज्याला पटेल त्याला पटेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने यात पाहण्यासारखे आहे ते असे, की ही बाई ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत पोचली तेव्हा तिच्या गाठीला कायद्याची पदवी होती, संस्थेत घालवलेली उमेदवारीची वर्षे होती, आणि घर सोडल्याची किंमतही मोजून झालेली होती. आजच्या वृत्तिधारकाकडे यांतली पहिली गोष्ट असते. दुसरीसाठी त्याला एक वर्ष मिळते. तिसरी ज्याची त्याची असते, आणि ती कुठल्याही अर्जात लिहिता येत नाही.

३

आता अहवालाकडे येऊ. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या काळच्या कायद्याने डहाणू, उंबरगाव, मोखाडा हा मुलूख 'अंशतः वगळलेल्या' भागांत मोडत होता. तेथील आदिवासींची पाहणी करण्याचे काम सिमिंग्टन नावाच्या एका आय. सी. एस. अधिकाऱ्याकडे आले. त्याचा अहवाल १९३८च्या सुमाराचा. तो प्रामाणिक आहे. जमीनदाराच्या शेतावर कुळाला फुकट राबावे लागते, हे त्याने लिहिले. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराकडे बांधली जातात, हेही लिहिले. अशा माणसाला तिकडे 'लग्नगडी' म्हणत. शब्द मोठा गोंडस आहे. सवंगड्याचा भास व्हावा असा. गुलामगिरीला इतके लाडिक नाव दुसऱ्या कुठल्या भाषेने क्वचितच दिले असेल.

म्हणजे संशोधन झाले. वस्तुस्थिती कागदावर आली, छापली गेली, मंत्रालयात पोचली. परिणाम? १९४५ सालापर्यंत लग्नगडी लग्नगडीच राहिला.

हा सिमिंग्टनचा दोष आहे असे मला वाटत नाही. अहवाल ज्याच्यासाठी लिहिला त्याने तो वाचला. पण तो इंग्रजीत होता, सरकारसाठी होता, आणि ज्यांच्याविषयी होता त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वारल्याची स्थिती सरकारला कळली. आपली स्थिती दुसऱ्या कुणाला कळली आहे, हे वारल्याला कळले नाही. या अहवालात माहिती खाली मुंडी घालून एकाच दिशेने चालते, खालून वर. वरून खाली येण्याचा रस्ताच त्यात बांधलेला नाही.

तो रस्ता पुढे कसा झाला हे आता इतिहासात नोंदलेले आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला वारल्यांची एक लहानशी तुकडी गेली. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी सभा झाली; हे झरी आज तलासरी तालुक्यात येते. सुमारे पाच हजार वारली जमले. त्यांनी जे ठरवले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल असे होते. वेठ करायची नाही. बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या खाजगी जमिनीवर राबायचे नाही. मारले तर मुकाट सोसायचे नाही. सगळ्यांनी एक राहायचे. थोड्याच काळात गावोगावचे लग्नगडी मालकांची घरे सोडून निघाले. त्याच पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले.

अहवालातले तथ्य आणि झरीतला ठराव यांत मजकूर एकच आहे: येथे माणसाला फुकट राबवतात. सिमिंग्टनने ते वाक्य दुसऱ्याविषयी लिहिले. झरीला ज्यांनी ते उच्चारले, त्यांनी ते स्वतःविषयी उच्चारले, आणि उच्चारताच ते खोटे ठरवण्याच्या कामाला लागले.

४

'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले. म्हणजे झरीच्या सभेनंतर पंचवीस वर्षांनी. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, पुढे इंग्रजीतही ते गेले. पंचवीस वर्षांचे हे अंतर मला महत्त्वाचे वाटते. मधल्या काळात लेखिकेने तुरुंग पाहिला, हद्दपारी पाहिली, आणि १९६५ साली शामरावांचा तुरुंगातच झालेला मृत्यू पाहिला. अहवालाला मुदत असते. वृत्तीचा शेवटचा हप्ता त्याच्या हजर होण्यावर अडलेला असतो. या पुस्तकाला कुणी मुदत घातली नव्हती. त्यामुळे ते घटनांची जंत्री होऊन बसले नाही. घटनांमधून काय बदलले, हे पाहायला त्याला सवड मिळाली.

काय बदलले, याचे उत्तर नावातच आहे. नावात वारली नाही, शेतकरी नाही, आदिवासी नाही, ज्या पक्षाचे काम त्या करीत होत्या त्या पक्षाच्या आवडीचा 'वर्ग' हा शब्दही नाही. माणूस आहे. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला, की पहिल्याच कलमातल्या 'सर्व पुरुष' असाही अर्थ होईल अशा इंग्रजी शब्दाऐवजी 'सर्व माणसे' असा अर्थ होणारा शब्द हवा. १० डिसेंबर १९४८ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्यांच्या शब्दासह. मराठीत ही अडचण आली नसती. व्याकरणाने आपला 'माणूस' पुल्लिंगी असला, तरी 'बाई माणूस आहे' असे म्हणताना कुणाचीही जीभ अडखळत नाही. गोदावरीबाईंनी हा साधा घरगुती शब्द घेतला आणि जाहीरनाम्याच्या साडेतीन वर्षे आधी झरीच्या माळावर घडलेल्या गोष्टीला तो दिला.

दुसरा शब्द 'जागा'. शिकवला, सुधारला, उद्धरला यांपैकी एकही क्रियापद तेथे नाही. झोपलेल्याला हाक मारता येते, हलवता येते. पण जागे होणे ही ज्याची त्याची क्रिया आहे. या पुस्तकाचा खरा विषय भीती हा आहे. ती कशी बसलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या कशी पोसली जाते, आणि एके दिवशी ती कशी उठून जाते. भीतीची पाहणी प्रश्नावलीने होत नाही. घाबरलेला माणूस तुमच्या प्रश्नाला तुम्हाला हवे तेच उत्तर देतो. त्यासाठी त्याच्या पडवीत रात्र काढावी लागते, त्याची बोली कानांत मुरवावी लागते, आणि त्याच्यावर येणारे संकट आपल्यावरही येऊ शकेल इतके जवळ उभे राहावे लागते. गोदावरीबाईंनी हे केले, म्हणून पुस्तकातले बोलणे खरे वाटते.

आणखी एक गुण सांगायला हवा, कारण तो कायद्याच्या पदवीचा गुण आहे. पाचशे पौंड, अडीच रुपये, बारा आणे: हा लढा असा मोजता येणाऱ्या गोष्टींवर उभा होता. अन्याय हा शब्द मोठा आहे, पण तो हातात धरता येत नाही. गवताचा भारा धरता येतो. मागणी ज्याला तोंडपाठ होते त्यालाच ती मागता येते, हे ओळखण्यासाठी वकिलाची बुद्धी आणि शिक्षिकेची नजर दोन्ही लागतात.

आता दोष. हे आंदोलनाच्या पुढाऱ्याने लिहिलेले पुस्तक आहे. त्याला बाजू आहे आणि ते ती लपवीत नाही. निवेदनाचा मध्य लेखिकेकडे आहे. वारली आपल्याला दिसतात ते तिच्या डोळ्यांनी, आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे, जी त्यांची घरची भाषा नव्हे. ज्यांची भीती गेली ते स्वतः ही गोष्ट कशी सांगतील, हे कुतूहल पुस्तक मिटल्यावर उरते. शिवाय एकाच मार्गाने माणूस जागा होतो, असा समज करून घेण्याचा धोकाही आहे. त्याच १९४५ साली, त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे, कुरणात आणि अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन गोदावरीबाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे. एकीकडे लाल बावटा, एकीकडे बालवाडी. दोघींचे राजकारण जुळणारे नाही आणि जुळवण्याची गरजही नाही. पण दोन्ही पुस्तकांचे बळ एकाच ठिकाणाहून येते. दोघीही जेथे गेल्या तेथे राहिल्या.

या राहण्याचा ठसा थेट राज्यघटनेतही सापडतो, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण घटनेचे तेविसावे कलम इंग्रजीत उघडून पाहावे. सक्तीच्या श्रमांना मनाई करणाऱ्या त्या कलमात, भारदस्त इंग्रजी शब्दांच्या रांगेत, 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा बसलेला आहे. इंग्रजीत या गोष्टीला नेमका प्रतिशब्द नव्हता म्हणा, किंवा ज्यांनी ती भोगली त्यांच्या तोंडचा शब्दच तेथे हवा होता म्हणा. देशाच्या मूळ कायद्याने राबणाऱ्याच्या तोंडचा शब्द स्वीकारला, हे खरे. अहवाल लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी करावे.

५

डोंगराकडून आता पुन्हा किनाऱ्याकडे येऊ. गोदावरीबाईंचे पुस्तक वारल्यांच्या गावापाड्यांचे आहे; दांडी, नवापूर, सातपाटी या पट्टीचे असे पुस्तक मराठीत माझ्या वाचनात आलेले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डोंगर, सखल भाग आणि सागर अशी तिहेरी जिल्ह्याची ओळख सांगतात, पण वाङ्मयात तरी डोंगराचे पारडे जड आहे.

सागराकडे सांगण्यासारखे काही नाही, असे मुळीच नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. त्याचे तिसरे आणि चौथे संच २००५-०६च्या सुमारास वीज देऊ लागले, त्यापायी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात जाते. या पाण्याने खाडी आणि मासळी नासली, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली; २०२२च्या जानेवारीत लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली. उत्तरेला वाढवणच्या बंदराला न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. त्याच बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. एवढ्या सगळ्यावर निवाडे आहेत, नकाशे आहेत, अहवाल आहेत. लवादाचा निवाडा इंग्रजीत आहे. ज्यांच्या खाडीविषयी तो आहे, त्यांना तो कुणीतरी वाचून समजावून सांगावा लागतो. सिमिंग्टनपासून आपण फार लांब आलो आहोत असे म्हणवत नाही.

एक फरक मात्र मोठा आहे आणि तो नोंदवायला हवा. १९३८ साली वारल्याच्या वतीने कुणीतरी लिहीत होते. २०१६ साली अर्जदार म्हणून मच्छीमारांची स्वतःची परिषद उभी होती. येथला माणूस जागाच आहे. त्याला जागे करायला येणाऱ्याने आधी एवढे लक्षात घेतले तर बराच वेळ वाचेल.

मग वृत्ती घेऊन आलेल्या पदवीधराला दांडीत काय काम? मला वाटते, गोदावरीबाईंच्या पुस्तकातला मोजण्याचा धडा येथे उपयोगी पडेल, पण तो जसाच्या तसा गिरवता येणार नाही. गवताचा भारा तोलता येत होता. दांडीत मोजायचा आहे तो न आलेला मासा. शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागते. समुद्राला सातबारा नसतो. कुणाच्या आज्याने कुठे जाळे टाकले, कुठल्या वाऱ्याला कुठे मासळी यायची, उधाणाच्या पाण्याला काय मिळायचे आणि भांगाच्या पाण्याला काय, हा सगळा दस्तऐवज वयस्कर तांडेलांच्या डोक्यात आहे. त्याची नोंद झाली नाही तर न्यायालयात तो नव्हताच असे धरले जाईल. बंदरावर उतरलेल्या मासळीचा आकडा सरकारकडे असतो, पण टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या बाईचा दिवस कसा गेला, याची नोंद कुठल्याच आकड्यात येत नाही. मासळी कमी झाली की होडीवाल्याचे नुकसान मोजतात. तिचे नुकसान तिच्या घरातल्या डब्यांत दिसते, आणि ते पाहायला घरात जावे लागते.

या नोंदी करायला वर्ष पुरणार नाही, हे उघड आहे. खाडीचा एक हंगाम समजायला एक वर्ष लागते. दोन हंगामांतला फरक समजायला दोन. गोखल्यांनी पाच वर्षे धरली होती ती उगीच नव्हे. पण वर्षच मिळणार असेल, तर त्या वर्षात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि अहवालाची परीक्षा करायची माझी कसोटीही तीच आहे. अहवाल छापण्याआधी तो मराठीत गावाच्या चावडीवर मोठ्याने वाचावा. ऐकणारे मध्येच अडवतील. हे असे नव्हते म्हणतील, त्या साली नव्हते त्याच्या आदल्या साली म्हणतील, आणि नावे चुकली असतील तर हसतील. जो अहवाल या वाचनातून उभा राहील तो न्यायालयातही उभा राहील. जो तेथेच बसेल, त्याची बांधणी कितीही सुबक असली तरी तो फाडून नव्याने लिहावा.

कुणी म्हणेल, शहरातल्या मुलांकडून एवढी अपेक्षा कशाला? खरे आहे. म्हणून दुसरी सूचना वृत्ती देणाऱ्यांना. गोदावरीबाई पुण्याहून आल्या, कारण १९४५ साली तलासरीत पदवीधर वारली मुलगी मिळणे शक्य नव्हते. आज दांडीच्या, नवापूरच्या, सातपाटीच्या मुली बोईसर-पालघरच्या महाविद्यालयांत शिकतात, पदव्या घेतात, आणि बऱ्याच वेळा कारखान्याच्या कचेरीत नोकरीला लागतात. वृत्ती त्यांच्यापर्यंत पोचावी. तिचा अर्ज मराठीत भरता यावा, तिची मुलाखत मराठीत व्हावी, आणि वर्षाऐवजी निदान तीन वर्षांचा निर्वाह तीत असावा. बाहेरून आलेल्याला जे कळायला वर्ष लागते ते तिला बालपणीच कळलेले असते. तिला शिकायची असते ती नोंद, पुरावा आणि कायदा, आणि हे शिकवण्यासारखे आहे. कोळणीचा दिवस कळणे शिकवता येत नाही.

तेव्हा फराळाच्या ताटाभोवतीच्या प्रश्नांकडे वळून एवढेच सांगावेसे वाटते. मुलीने अर्ज भरला असेल तर तिला अडवू नये. कुठे राहशील, हे आईने जरूर विचारावे, कारण उत्तर 'गावातच' असे आले तर काम नीट होण्याची शक्यता वाढते. वर्षानंतर काय, या वडिलांच्या प्रश्नाला गोदावरीबाईंच्या वडिलांनाही समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते. १९८६ साली त्यांची मुलगी अखिल भारतीय किसान सभेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली, आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेली तोवर ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागाशी तिचे नाते तुटले नव्हते. पगाराचे म्हणाल, तर आत्याला खरा आकडा सांगून टाकावा. आकडे लपवू नयेत, हीच या धंद्याची पहिली शिकवण आहे.